उबेलाही रकाना द्या : कोयना खोऱ्यातून एक खुले पत्र

प्रति,
सातारा जिल्ह्यातल्या खेड्यांची घरे, इंधन आणि वने यांचे नियोजन ज्यांच्या हाती आहे असे सर्व अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांस,

स. न. वि. वि.

मी पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका वाडीत राहते. लग्न होऊन इथे आल्याला एकतीस वर्षे झाली. ग्रामपंचायतीची सदस्य आहे, आणि आमच्या महिला बचत गटाचे हिशेब माझ्याकडे असतात.

गेल्या कार्तिकात गटाने एक अर्ज केला. मागणी फार मोठी नव्हती. चौदा घरांना धुराडे असलेल्या मातीच्या चुली, अंघोळीच्या पाण्यासाठी काही घरांत सौर बंब, आणि भाताच्या तुसापासून जळणाच्या कांड्या करण्याचे एक लहान यंत्र. अर्ज माघात परत आला. त्यावर शेरा होता, ‘गावात शंभर टक्के गॅसजोडणी पूर्ण झालेली असून गाव धूरमुक्त आहे. सबब मागणीची आवश्यकता दिसून येत नाही.’

तो कागद घेऊन मी घरी आले तेव्हा आमच्या वाडीत दिवेलागण होत होती. वरच्या आळीपासून खालच्या आळीपर्यंत प्रत्येक परड्यात जाळ होता. कुठे चुलवणावर पाण्याचे भांडे, कुठे आगटी, कुठे गोठ्याच्या तोंडाशी पोरे हात शेकत बसलेली. धूर उताराने खाली येऊन ओढ्यावर साचला होता. हातात ‘धूरमुक्त’ लिहिलेला कागद आणि समोर हे. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि चार लोकांनी वाचावे म्हणून उघडे लिहिते आहे. शेरा कुठल्या कार्यालयाचा ते मुद्दाम सांगत नाही. लिहिणाऱ्याने समोरच्या तक्त्यात जे होते ते वाचून लिहिले. त्या तक्त्यात एकच प्रश्न होता, गॅस आहे की नाही. माझे भांडण त्या तक्त्याशी आहे.

आमच्याकडे घरातला विस्तव तीन कामे करतो. अन्न शिजवतो, पाणी तापवतो आणि माणसे शेकतो. तुमच्या तक्त्यात पहिल्याच कामाला रकाना आहे. बाकीची दोन कामे कुणी मोजतच नाही, म्हणून त्यांच्यासाठी पैसाही नाही, योजनाही नाही आणि सुरक्षित उपायही नाही.

थंडी साताऱ्यात कुठे एवढी असते, असे मला कचेरीत एकाने विचारले होते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठले की दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो वर्तमानपत्रात येतो. आमच्याकडे फोटो काढायला कुणी येत नाही. पण थंड हवा जड असते, रात्री ती डोंगरउताराने खाली सरकते आणि खोऱ्याच्या तळाशी बसून राहते. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या बाजूने धुके चढते ते सकाळी नऊ-दहापर्यंत हलत नाही. आणि थंडी फक्त पौष-माघाची नाही. या पट्ट्यात वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात भिंती पाझरतात, अंथरुणे दमट होतात, लहान मुलांचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. त्या दिवसांतही विस्तवाशिवाय घर राहण्याजोगे होत नाही. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने आम्हाला ऊब विकत तरी घ्यावी लागते, नाहीतर डोक्यावरून वाहून आणावी लागते.

आता घरांबद्दल. जुनी घरे दगड-मातीची होती, भिंती हात-दीड हात जाड. माजघराला लागून चूल, सोप्याच्या एका अंगाला गोठा. वर माळ्यावर पेंढा आणि वैरण भरलेली. त्या वैरणीने वरची थंडी अडायची, गुरांच्या अंगाची ऊब घरात फिरायची, चुलीची मातीची बैठक रात्री उशिरापर्यंत गरम राहायची. हे मी जुन्या दिवसांचे कौतुक म्हणून सांगत नाही. त्या घरात धूरही होता, ढेकूण-पिसवाही होत्या. पण ऊब कशाने राहते ते तिथे कळत होते.

मग ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आली. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या, नुकत्याच या घरात आलेल्या. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी भूकंप झाला. दगड-मातीच्या भिंती आत पडल्या. आत्याबाई सांगतात, जगलेली माणसे त्या मार्गशीर्षाच्या थंडीत खळ्यावर शेकोट्या पेटवून बसली, घरात जायला कुणी धजत नव्हते. त्यानंतर आमच्या वाडीने पत्रा धरला. पत्रा अंगावर आला तरी माणूस वाचते, हे त्यांच्या पिढीचे साधे गणित होते. पुढे वानरांनी कौले फोडून उरलेल्यांनाही पत्र्यावर आणले. आज वाडीत पत्रा नाही तर स्लॅब, आणि भिंती पाच इंची.

पत्र्याच्या घरात पौषातली रात्र कशी असते ते सांगते. संध्याकाळी सूर्य डोंगराआड गेला की तासाभरात पत्रा हाताला बर्फासारखा लागतो. आत झोपलेल्या माणसांच्या श्वासातली वाफ वर जाऊन त्याला चिकटते आणि पहाटे त्याचे थेंब वाकळेवर पडतात. म्हातारी माणसे तोंडावरून घोंगडे ओढून घेतात, तर तेही ओले. भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या फटीतून वारा येतो. समोर वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. त्या जागी वारा किती आहे हे शोधून मगच त्या उभारल्या असतील, मग त्याच वाऱ्याखालच्या घरांच्या नकाशात वाऱ्याचा विचार का नसावा?

कारण नकाशा सगळ्यांना एकच आहे. २०१६ पासूनच्या घरकुल योजनेत पंचवीस चौरस मीटरचे घर, सपाटीवर एक लाख वीस हजार आणि डोंगराळ भागात एक लाख तीस हजार रुपये केंद्राच्या निकषाने. त्यात स्वच्छ स्वयंपाकाच्या जागेचा विचार केलेला आहे, आणि तो चांगला आहे. पण छताखाली अस्तर, पत्र्याखालच्या फटी बुजवणे, पाणी तापवण्याची आणि धूर बाहेर काढण्याची सोय यांचा खर्च कुणी धरत नाही. वरचे दहा हजार डोंगरात सिमेंट आणि वाळू चढवण्यातच जातात. फलटण-माणच्या उन्हाळ्यात उभे राहणारे घर आणि कोयनेच्या पावसा-थंडीत उभे राहणारे घर एकाच मापाने कसे चालेल? ही माझी पहिली तक्रार.

दुसरी तक्रार गॅसबद्दल आहे, आणि ती नीट समजून घ्यावी. मी गॅसच्या विरोधात नाही. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली, त्यानंतर आमच्या वाडीत घरोघरी सिलिंडर आले. पहाटेचा चहा, पोरांचा डबा, बाळंतिणीचे पाणी, या सगळ्यांत बाईचा जो वेळ आणि जे डोळे वाचले त्याची किंमत मला ठाऊक आहे. पुढे २०२४ मध्ये राज्याने वर्षाला तीन सिलिंडर मोफत दिले, तेही उपयोगी पडले. पण या गॅसवर अंघोळीचे पाणी तापवा आणि घर शेका, असे जर कुणाला वाटत असेल तर त्यांनी हिशेब करून पाहावा.

तो हिशेब माझ्या मुलीने केला. ती कराडला विज्ञान शिकते. घरात आम्ही पाच माणसे, माणशी पंधरा लिटर, म्हणजे पंचाहत्तर लिटर पाणी. थंडीत ते तीस अंशांनी तापवायचे तर २,२५० किलोकॅलरी उष्णता पाण्यात जायला हवी. एक किलो गॅसमध्ये साधारण ११,००० किलोकॅलरी असतात, त्यातल्या शेगडीवरून भांड्याला साठ टक्के लागल्या असे धरले तरी रोजचा पाव किलोहून जास्त, जवळजवळ एक तृतीयांश किलो गॅस. महिन्याला दहा किलो. सिलिंडर १४.२ किलोचे. म्हणजे नुसत्या अंघोळीत सिलिंडरचा दोन तृतीयांशाहून मोठा भाग गेला, स्वयंपाकाला एक कणही न वापरता. अनुदान वजा जाता सिलिंडर पाचशेच्या वर पडते, गाडी वाडीपर्यंत येत नाही, फाट्यावरून आणायचे भाडे वेगळे. कोण करील हा खर्च?

विजेचे तेच. हजार वॅटचा हीटर रात्री सहा तास चालवला तर सहा युनिट, महिन्याला एकशे ऐंशी. शंभर युनिटच्या पुढे दर चढतो. आणि लाइट गेली की हीटरही गेला. या खोऱ्याच्या पाण्यावर जवळजवळ दोन हजार मेगावॅटचा वीजप्रकल्प उभा आहे, आमच्या लोकांनी धरणासाठी गावे सोडली. म्हणून फुकट वीज द्या असे मी म्हणत नाही. फक्त या खोऱ्यातल्या माणसाला थंडीत ऊब परवडावी, एवढे मागायचा आमचा हक्क आहे असे मी मानते.

मग लोक काय करतात? लाकूड जाळतात. गेल्या पौषात मी माझ्या घरचे लाकूड आठ दिवस ताणकाट्यावर तोलले. दिवसाला नऊ किलोच्या आसपास. त्यातले भाकरीला दीड किलो, पाण्याला साडेचार आणि बाकीचे संध्याकाळच्या शेकण्याला. म्हणजे ज्या कामाकडे बघून तुम्ही आम्हाला धूरमुक्त म्हटलेत, त्या कामाला आमच्या घरी सर्वांत कमी जळण लागते.

हे लाकूड कुठून येते हे सगळ्यांना माहीत आहे. कोयना अभयारण्य १९८५ चे, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० चा. जंगल राहिले पाहिजे यात आमचे दुमत नाही. आमचे झरे त्याच्या जिवावर आहेत. पण मोळी आणणाऱ्या बाईला दोन्हीकडून भीती आहे. आत गव्याची आणि अस्वलाची, बाहेर दंडाची. मोळी आणू नका हे सांगायला माणसे येतात. त्याऐवजी काय जाळा हे सांगायला आजवर कुणी आलेले नाही. ही तिसरी तक्रार.

चौथी गोष्ट माझ्या स्वतःच्या घरात घडली, आणि ती लिहायला मला जड जाते.

आत्याबाईंना दमा आहे. धूर सोसत नाही. गेल्या पौषात एका रात्री गारठा फारच होता, त्यांचे पाय काही केल्या गरम होईनात. मी चुलवणातले लालबुंद निखारे लोखंडी घमेल्यात घेतले आणि त्यांच्या खोलीत ठेवले. निखाऱ्याला धूर नव्हता, म्हणून मला वाटले यात धोका नाही. खिडकी लावली, दाराच्या फटीत गोणपाट कोंबले आणि त्यांच्या शेजारीच आडवी झाले. खोली छान ऊबदार झाली. रात्री कधीतरी आत्याबाईंच्या पुटपुटण्याने जाग आली. माझे डोके फुटत होते, पायांत जीव नव्हता. सरपटत जाऊन दार उघडले. शेजारच्या दिरांनी जीप काढली आणि आम्हा दोघींना दवाखान्यात नेले. तिथे ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी सांगितले, निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तात ऑक्सिजनच्या जागी जाऊन बसतो. ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीने. झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

आत्याबाई वाचल्या. त्या रात्रीपासून ‘धूरमुक्त’ हा शब्द मला सोसत नाही. धूर दिसत नाही म्हणजे सगळे ठीक, हीच चूक मी माझ्या घरात केली आणि हीच चूक तुमच्या तक्त्यात आहे. एकतीस वर्षांत या वाडीत पोलिओची माहिती आली, डेंगूची आली, सापाची आली. बंद खोलीत निखारे ठेवू नयेत हे सांगणारा एक कागदही आला नाही.

आता उपायांकडे येते, कारण नुसते गाऱ्हाणे घेऊन तुमच्या दारात उभे राहायचे नाही. आणि उपाय लांबचे नाहीत.

ऊब वाचवणे हे सर्वांत स्वस्त जळण आहे. गेल्या फाल्गुनात आम्ही गटातल्या दोघींनी आपापल्या घरी एक खोली करून पाहिली. पत्र्याच्या खाली हातभर अंतर सोडून कळकाचे तट्टे बांधले, त्यावर जुनी गोणपाटे आणि वर वाळलेला पेंढा पसरला. भिंत आणि पत्रा यांच्यामधली फट माती-शेणाच्या गिलाव्याने बुजवली, पण हवा खेळायला समोरासमोर दोन झरोके मोकळे ठेवले. धुराड्यापासून पेंढा चांगला लांब ठेवायचा, हे विसरून चालणार नाही. या खोलीत पहाटे पत्र्याचे थेंब पडायचे थांबले. उन्हाळ्यातही दुपारी तिथेच बसावेसे वाटले. कळक आमच्या बांधावरचा, पेंढा आमच्या भाताचा. खर्च झाला तो सुतळीचा आणि दोन दिवसांच्या मजुरीचा.

जळणाचे म्हणाल तर आमच्याकडे भात पिकतो. क्विंटलभर भात भरडला की वीस किलोच्या आसपास तूस निघते. गिरणीच्या मागे त्याचे ढीग पडतात किंवा वीटभट्टीवाले घेऊन जातात. भुश्याची शेगडी आमच्या आयांना ठाऊक होती. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठोकून भरायचा, अलगद बाटली काढायची आणि खालच्या भोकातून पेटवायचे. एकदा भरलेली शेगडी फुंकणीशिवाय दोन-तीन तास एकसारखी धगते. तुसाच्या कांड्या करता आल्या तर तेच तूस धुराड्याच्या चुलीत आणि बंबात लाकडासारखे वापरता येईल. तुसात राख जास्त पडते, पण ती भाताच्या खाचरात परत जाते.

खाली कराडच्या बाजूला उसाचे पाचट आहे. हेक्टरी आठ-दहा टन. जो शेतकरी ते सरीत कुजवतो त्याच्याकडून एक काडी मागू नये, ते त्याच्या जमिनीचे अन्न आहे. पण तोडणी झाल्यावर रात्री जी फडच्या फड पेटवली जातात ती ऐन थंडीत, म्हणजे आम्ही जळणाला मोताद असतो त्याच दिवसांत. आणि याच जिल्ह्यात, फलटणला, या पाचटावर डोके चालवलेली माणसे आहेत. बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाचट आणि चिपाडावर चालणारे गॅसिफायर, म्हणजे काडीकचऱ्याचा जळाऊ वायू करणारी भट्टी, बनवले. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या पाडायची रीत बसवली, तिला २००२ मध्ये स्वच्छ ऊर्जेसाठीचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. इतक्या जवळ शोध लागून गेलेले असताना फलटण ते पाटण हे अंतर अजून संपलेले नाही, याचे मला फार वाईट वाटते. कोळशाच्या कांड्या मात्र धुराड्याखालीच वापरायच्या, बंद खोलीत कधीही नाही. हे मी आता शपथेवर सांगू शकते.

पाण्यासाठी सौर बंब. आमच्याकडे हिवाळ्यात रात्र गार असते ती आभाळ निरभ्र असते म्हणूनच, आणि त्याच निरभ्र आभाळातून दिवसा कडक ऊन मिळते. शंभर लिटर पाणी पस्तीस अंशांनी तापले तर चार युनिट विजेची बचत होते, आणि आमच्या घरच्या हिशेबाने साडेचार किलो लाकडाची. पावसाळ्यात तो उपयोगाचा नाही. तेव्हा आपला जुना तांब्याचा बंबच बरा. मधोमध विस्तव आणि भोवती पाणी, त्यामुळे उघड्या चुलवणापेक्षा त्याला कितीतरी कमी जळण लागते. त्याचे धुराडे घराबाहेर काढून दिले की झाले.

गोबरगॅसबद्दल जरा थांबून सांगते, कारण तो नेहमी पहिला सुचवला जातो. दोन घनमीटरच्या टाकीला रोज पन्नास किलोच्या घरात शेण लागते, म्हणजे चार-पाच जनावरे. आमच्या वाडीत बहुतेकांकडे आता दोनच आहेत. शिवाय टाकीतल्या जिवाणूंना ऊब लागते. पंधरा अंशांच्या खाली गॅस एकदम कमी होतो, म्हणजे जेव्हा गरज जास्त तेव्हाच तो रुसतो. शेणाचा काला कोमट पाण्यात कालवला, टाकीवर पाचटाचा किंवा पेंढ्याचा जाड थर आणि वर काळा प्लॅस्टिकचा कागद टाकला तर फरक पडतो. हे सांगणारे कुणी सोबत नसेल तर टाकी दोन वर्षांत कडब्याची कोठी होते, तशा दोन आमच्या वाडीत आहेत.

सोबत राहणे हीच खरी अडचण आहे. १९८३ च्या सुमारास सरकारने निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि २००२ मध्ये तो बंद झाला. मी या घरात आले तेव्हा अशी एक चूल होती. चूल चांगली होती. पण तिची भोके आमच्या भांड्यांच्या मापाची नव्हती, धुराडे साफ कसे करायचे ते कुणी दाखवले नव्हते, आणि दोन पावसाळ्यांत ते सडले. नवे मागितले तेव्हा उत्तर मिळाले की तुमच्या नावावर चूल दिल्याची नोंद आहे. माझ्या मामंजींनी ती पहारीने फोडली आणि परत तीन दगड मांडले. हे पुन्हा होऊ नये.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

घरोघरी जो इंधनाचा तक्ता भरला जातो त्यात अन्न, पाणी आणि ऊब असे तीन वेगळे रकाने करा, आणि डोंगराळ तालुक्यांत तो पौषात भरा. पाटण, जावळी, महाबळेश्वर आणि खाली सांगलीकडे शिराळ्याचा चांदोलीलगतचा भाग, इथे हा प्रश्न सारखाच आहे. तोवर ज्या गावांवर ‘धूरमुक्त’ असा शेरा बसला आहे तो केवळ गॅसजोडणीच्या आधारावर धरू नका आणि त्या शेऱ्यावरून कुणाचा अर्ज परत करू नका. आमचाही अर्ज पुन्हा उघडा.

डोंगराळ भागातल्या घरकुलांना छताचे अस्तर आणि धुराडे यांसाठी वेगळी रक्कम द्या. बांधून झालेल्या घरांनाही. तट्टे विणणारे लोक आमच्या भागात अजून आहेत. हे काम ठेकेदाराला न देता त्यांना द्या.

धुराड्याच्या चुली बांधायला आणि दुरुस्त करायला गावातल्याच बायांना शिकवा. चूल दिली त्या दिवशी निम्मे पैसे आणि ती दोन पावसाळे टिकली की उरलेले, असे केले तरी आमची तयारी आहे. चूल स्वयंपाकघर आणि झोपायची खोली यांच्यामधल्या भिंतीत बसवावी, म्हणजे एकाच विस्तवात भाकरीही होते आणि पलीकडची भिंतही तापते. आमच्या गटातल्या सहा जणी शिकायला तयार आहेत.

पाच-सहा वाड्यांत मिळून तुसाच्या कांड्यांचे एक यंत्र द्या, आणि फलटणच्या जाणकारांना एकदा तरी आमच्याकडे आणा. कांडीचा दर विकतच्या लाकडापेक्षा कमी राहील याची हमी पहिली तीन वर्षे द्या. त्यापुढे गट चालवील. एक हिशेब मी करून ठेवला आहे, बघायला मागितला तर घेऊन येईन.

वन विभागाला विनंती आहे की अभयारण्याच्या बाहेर, गायरानात आणि रानाच्या कडेला जी घाणेरी आणि रानमोडी माजली आहे ती तोडून न्यायला गावाला लेखी परवानगी द्यावी. ती गेली तर गवत वाढेल, गुरांना चारा होईल. वनहक्क कायद्याने २००६ मध्येच गौण वनोपजाच्या व्याख्येत झुडपी लाकूड आणि खुंट धरलेले आहेत. कुठून काय न्यायचे आणि कुठून काडीही उचलायची नाही, याचा नकाशा ग्रामसभेत बसून ठरवू. ठरलेले आम्ही पाळू.

आणि दिवाळीच्या आधी प्रत्येक घरात एक कागद पोहोचवा. निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत नको, डोके जड झाले तर आधी दार उघडा, मग बाहेर पडा, मग दवाखाना. आशाताई तो वाचून दाखवतील. याला पैसाही लागत नाही.

या पत्राची एक प्रत ग्रामसभेत वाचली आहे आणि चावडीवर लावली आहे. उत्तर लेखी द्यावे, होकार असो की नकार. घाई एका कारणाने करते आहे. ओल्या मातीची चूल सावलीत वाळायला पंधरा-वीस दिवस लागतात. त्याआधी पेटवली तर तडकते. घटस्थापनेपर्यंत मंजुरी आली तर माती कालवायला आम्हाला दसरा ते दिवाळी एवढे दिवस मिळतात. मार्गशीर्षात आलेली मंजुरी आत्याबाईंच्या खोलीला या वर्षी उपयोगी पडणार नाही.

आपली नम्र,
बचत गटाची हिशेबनीस आणि ग्रामपंचायत सदस्य,
कोयना खोरे, ता. पाटण, जि. सातारा